पाठमोऱ्या माणसाचं चित्र

माझ्या हातांनी आजवर अकरा खून केले आहेत, दोनदा दुधात विष कालवलं आहे आणि एकदा एका म्हातारीच्या उशाखालून घराची कागदपत्रं काढली आहेत. सगळं छापून आलेलं आहे. माझी थोरली बहीण वर्तमानपत्रांसाठी चित्रं काढायची. बातमीला फोटो मिळतो, पण लेखाला मिळतोच असं नाही. एकटेपणाचा फोटो कुठून आणणार? तिथे ताईचं चित्र लागायचं. आणि चित्रात हात आले की ती मला हाक मारायची, "धाकटे, जरा सुरी धर." मी भांडी अर्धवट टाकून, हात पुसून यायचे आणि सुरी धरायचे. "अशी नको, भाजी चिरतेस तशी. राग आल्यासारखी धर." राग यायला मला फार वेळ लागत नाही, हे तिला लहानपणापासून माहीत होतं.

आम्ही दोघी बिनलग्नाच्या. बाबांनी मागे दोन खोल्या ठेवल्या, दुसऱ्या मजल्यावरच्या, आणि त्यांचं शिवणयंत्र. बाबा शिंपी होते. गिऱ्हाइकांचे चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत, पण रस्त्याने जाणारा माणूस पाठमोरा दिसला की ते सांगायचे, हा दोन वर्षांपूर्वी कोट शिवून घेऊन गेला, उजवा खांदा अर्धा इंच खाली आहे याचा. "चेहरा माणूस घडीघडीला बदलतो," ते म्हणायचे, "पाठीकडे बघायला त्याला सवड कुठे असते?" ताई त्यांच्या यंत्राखाली बसून कापडाच्या खडूने जमिनीवर माणसं काढायची. चित्रकलेचं तिचं शिक्षण ते एवढंच. पुढे शाळाबिळा झाली, पण ती म्हणायची, जे काही येतं ते यंत्राखाली आलं.

तिची नोकरी कधीच नव्हती. नोकरी नव्हती म्हणून सुट्टीही नव्हती. दुपारी दोनला मेल यायचा: लेख अजून आलेला नाही, पण विषय नैराश्य आहे, पाव पान, पाचपर्यंत द्याल का? मग ताई खिडकीजवळच्या टेबलाशी बसायची. टेबल म्हणजे बाबांचं कापड बेतायचं टेबल, कडेला अजून इंचांच्या खुणा आहेत. नैराश्य म्हटलं की संपादकांना खिडकीत डोकं धरून बसलेला माणूस हवा असतो. ताई वैतागायची. "जगात एवढे लोक दुःखी आहेत, पण डोकं धरून खिडकीत बसलेला मी अजून एक पाहिला नाही. सगळे आपले कुठेतरी रांगेत उभे असतात." तरीही डोकं धरलेला माणूस काढून द्यायची. घटस्फोट म्हणजे दोन खुर्च्या आणि मध्ये भेग. म्हातारपण म्हणजे बाक आणि काठी. अशा बाकांचं तिने जंगल उठवलं असेल.

एके काळी पाच वर्तमानपत्रं तिला काम द्यायची. त्यातली दोन बंद पडली. दोन संगणकाकडून चित्रं काढून घेऊ लागली. त्या चित्रांतल्या माणसाला सहा बोटं असली तरी कुणाची तक्रार नसते. शेवटी एक रविवारची पुरवणी उरली. ती बघणारी बाई ताईने आठ वर्षांत एकदाही पाहिली नव्हती. नुसता आवाज. पण त्या आवाजावर आमच्या घरातली ताईची जागा टिकून होती. माझा शाळेतला कारकुनीचा पगार दोघींना पुरला असता. प्रश्न त्याचा नव्हता. काम नसलेल्या आठवड्यात ताई घरात पाहुण्यासारखी वावरायची, खुर्ची सरकवतानासुद्धा आवाज करायची नाही. ते बघवत नसे मला.

आता तिच्या वह्यांबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्यातून झालं. काम नसलं की ताई खिडकीतून रस्त्यावरची माणसं काढायची. चाळीसेक वह्या भरल्या होत्या. घाईच्या वेळी त्यातलाच एखादा माणूस उचलायचा आणि चित्रात ठेवायचा. पण त्याला तिचा एक नेम होता: वहीतला माणूस छापायला पाठवायचा तर त्याच्या तीन गोष्टी बदलायच्या. चेहरा, कपडे आणि उभं राहणं. तिन्ही बदलल्याशिवाय माणूस घराबाहेर सोडायचा नाही. ती दर वर्षी पुरवणीला एक कागद सही करून द्यायची, की माझ्या चित्रातली माणसं कुठल्याही जिवंत माणसावरून काढलेली नाहीत. त्या सहीपेक्षा तिला तो नेम मोठा होता. "चेहरा बदलणं सोपं गं," ती म्हणायची, "उभं राहणं बदलायचं राहिलं तर त्याच्या आईला कळतं."

आमच्या खिडकीसमोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे मी जिथे काम करते ती शाळा. शाळेच्या फाटकाला लागून पदपथावर एक चावीवाला उभा असायचा. सगळे त्याला कानोसा म्हणत, अगदी तोंडावर, आणि त्याला त्याचं काही वाटत नसे. कुलूप कानाशी धरून, आत तार फिरवून तो आवाजावरून चावी घासायचा. उजवा गुडघा वाकत नसे, म्हणून बसायची सोय नाही. एक स्टूल होतं, त्यावर पत्र्याची पेटी, पेटीवर लोखंडी पकड. काम नसलं की तो फाटकाकडे तोंड करून, म्हणजे आमच्याकडे पाठ करून उभा राहायचा. सगळा भार डाव्या पायावर, डावा हात पाठीमागून नेऊन उजवं कोपर धरलेलं आणि डोकं डावीकडे कललेलं, कुणी हळू आवाजात काही सांगत असावं तसं. बारा-तेरा वर्षं आम्ही ती पाठ बघत आलो.

कुणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस. गल्लीतली निम्मी दारं त्याने कधी ना कधी उघडून दिली होती. एकदा दार आपोआप लागून मी बाहेर अडकले, आत गॅसवर दूध. तो तसल्या गुडघ्याने दोन मजले चढून आला, मिनिटभरात कुलूप उघडलं आणि दार उघडता उघडता पाठ फिरवून उभा राहिला. दुसऱ्याचं घर उघडलं तरी आत बघायचं नाही, ही त्याची रीत. मी दूध उतरवून, पदर सावरून, "या काका, पाणी घ्या" म्हणेपर्यंत तो जिन्याकडे तोंड करून उभा होता.

त्या मंगळवारी पुरवणीच्या बाईचा फोन दोनला नाही, तीनला आला. दुसराच कुठला तरी लेख आयत्या वेळी गळाला होता. नवा लेख लहान मुलांना त्रास देणाऱ्या माणसांबद्दल होता. मथळा होता ‘ओळखीचा माणूस’. असली माणसं अनोळखी नसतात, रोजच्या बघण्यातली असतात, असं लेखात म्हटलं होतं. अर्धं पान, पाचपर्यंत. आणि बाईने बजावून सांगितलं, "चेहरा अजिबात नको. उगाच कुणावर संशय नको जायला. पाठमोरा माणूस दाखवा, समोर शाळेचं फाटक."

ताईने तासाभरात एक चित्र पाठवलं. उंच माणूस, लांब सावली. बाईचा लगेच फोन. "हा गुंड वाटतो हो. आपल्याला तसा नकोय. ज्याची कुणालाच भीती वाटणार नाही, असा हवा. अर्ध्या तासात होईल ना?"

मी साडेचारला घरी आले तेव्हा ताई चित्राच्या शेवटच्या रेघा ओढत होती. मी चप्पल काढता काढता संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं. कोट घातलेला माणूस, पाठमोरा, पुढे फाटक. काहीतरी खटकलं मला. मी म्हटलं, "कुणासारखा तरी वाटतोय गं."

"सगळेच कुणासारखे तरी असतात," ती मान वर न करता म्हणाली. "चहा टाक."

मी चहा टाकला. पाचला दोन मिनिटं कमी असताना चित्र गेलं. बाईचं उत्तर आलं, ‘अप्रतिम. बघून अंगावर काटा आला.’ ताई खूश झाली. तिला असं कुणी फारसं म्हणत नसे.

काय झालं होतं ते आता उघड आहे, तेव्हा नव्हतं. ज्याची कुणाला भीती वाटणार नाही असा माणूस शोधायला ताईच्या हाताला लांब जावं लागलं नाही. गल्लीतला सगळ्यात निरुपद्रवी माणूस तिच्या बोटांत बसलेला होता. कपडे तिने बदलले. मळका शर्ट काढून कोट चढवला. पेटी, स्टूल काढून टाकलं. चेहरा तर नव्हताच, त्यामुळे तिच्या मनाने तीही गोष्ट बदलल्यात धरली. दोन झाल्या म्हणता तिन्ही झाल्या असं तिला वाटलं. डावा हात, उजवं कोपर, कललेलं डोकं, सगळं जसंच्या तसं छापायला गेलं.

रविवारी छापून आलं. सोमवारी सकाळी मी शाळेत पोचले तर फाटकाजवळ चार-पाच आया घोळका करून उभ्या. एकीच्या हातात फोन, फोनवर ते चित्र. ती एकदा फोनकडे बघायची, एकदा कानोशाच्या पाठीकडे. मग दुसरीला दाखवायची. कानोसा आपला कुलूप कानाला लावून उभा. मी कुणाशी काही न बोलता कार्यालयात जाऊन बसले आणि दिवसभर दाखले लिहिले. दोन दाखल्यांवर तारखा चुकल्या.

संध्याकाळी दार वाजलं. कानोसा. दोन मजले चढून दम लागलेला, हातात पुरवणीची घडी. ताई चित्रं काढते हे त्याला ठाऊक होतं. आमच्या कपाटाची चावी केली तेव्हा त्याने टेबलावरची चित्रं पाहिली होती, म्हणजे न पाहिल्यासारखी पाहिली होती. मी स्वयंपाकघरात होते. दोघांचं बोलणं मला स्पष्ट ऐकू येत होतं.

"ताई, एक विचारायचं होतं," तो म्हणाला. "रागावू नका. हे तुम्ही काढलंय ना? लोक म्हणताहेत हा मी. आता मला माझी पाठ काय माहीत? मी कधी बघितलीय? तुम्ही सांगा, माझ्यासारखा दिसतो का हा?"

पुरवणीची घडी उलगडल्याचा आवाज आला.

"छे हो काका," ताई म्हणाली. "मनानेच काढलाय. असा कुणी नाहीये."

"नक्की ना?"

"नक्की."

"मग झालं," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजातला सुटल्याचा आनंद मी अजून विसरलेले नाही. "तुम्ही म्हणता म्हणजे झालं. सांगतो मी सगळ्यांना, चित्रवाल्या ताईंना विचारून आलोय म्हणून."

तो जिना उतरून गेल्यावर मी बाहेर आले. ताई वही उघडून बसली होती. वहीत तो होता, तसाच, सतरा महिन्यांपूर्वीच्या तारखेचा.

"खोटं बोललीस," मी म्हटलं.

"मग काय सांगू? हो, तुम्हीच आहात ते? उद्या तो पेपरात गेला तर मला पुन्हा कोण काम देईल? कागदावर सही आहे माझी."

"तुझ्या सहीपायी त्याला कोण काय म्हणेल याचा विचार केलास?"

"चार दिवसांत विसरतील लोक. सगळंच विसरतात. माझी गेल्या महिन्यातली चित्रं तुला तरी आठवतात का?"

मी तिला नको नको ते बोलले. पण खरं सांगायचं तर दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन मीही तोंड उघडलं नाही. बहिणीचं एकुलतं एक काम जाईल म्हणून मी गप्प बसले, आणि मनाला सांगितलं, की चार दिवसांत विसरतील.

विसरले नाहीत. ज्यांच्या घरांच्या चाव्या त्याने केल्या होत्या त्यांनी कुलपं बदलली. ती बसवायला दुसरीकडून माणूस आला, आणि कानोसा समोर उभा राहून बघत राहिला. आया मुलांना हाताला धरून रस्ता ओलांडून पलीकडून नेऊ लागल्या. कुणीतरी ते चित्र कापून त्याच्या पेटीवर चिकटवलं. तो ज्याला त्याला सांगायचा, "मी विचारलंय. चित्रवाल्या ताई नाही म्हणाल्या." लोक हसायचे. उचलली जीभ लावली टाळ्याला. एकाने तर शपथेवर सांगितलं, की हा पूर्वी दुसऱ्या शाळेपुढे होता आणि तिथून हाकललाय. एका सकाळी त्याची पेटी गटारात सापडली. कानशी आणि कोऱ्या चाव्या चिखलातून वेचून काढताना त्याला वाकता येत नव्हतं. मी कार्यालयाच्या खिडकीतून बघितलं आणि मग खाली गेले. दोघांनी मिळून वेचलं. "राहू द्या, तुमचे हात घाण होतील," तो म्हणाला. माझ्या हातांबद्दल तो असं म्हणाला.

शुक्रवारी पालकांची सभा ठरली. चावीवाल्याला फाटकापासून हलवावं, असं नगरपालिकेला पत्र द्यायचं की नाही हे ठरवायला. सभेचं पत्र मीच टाइप केलं. घरी येऊन ताईला सांगितलं. गटारातल्या चाव्यांचंही सांगितलं. ती खूप वेळ टेबलाच्या इंचांवरून बोट फिरवत बसली, मग म्हणाली, "मी येते. काम गेलं तर गेलं."

मला रडू आलं. तिचा अभिमान वाटला, आणि आता सगळं ठीक होईल असं मला अगदी मनापासून वाटलं. हे लिहिताना त्या वाटण्याची लाज वाटते.

सभागृहात साठेक लोक होते. मी मुख्याध्यापिकाबाईंच्या शेजारी, सभेचा वृत्तांत लिहायला. कानोशालाही बोलावलं होतं. तो दारापाशी उभा, डावा हात पाठीमागे, उजवं कोपर धरलेलं. मी त्याला खुणेने सांगायचा प्रयत्न केला, की हात पुढे घ्या. त्याला कळलं नाही. लोक मात्र वळून वळून बघत होते.

ताई उभी राहिली. बरोबर वही आणली होती. म्हणाली, "ते चित्र माझं आहे. यात या काकांचा काही दोष नाही. मला घाई होती. मी यांना रोज खिडकीतून बघते, त्यामुळे हातातून यांचंच उभं राहणं उतरलं. लेखाचा आणि यांचा काडीचा संबंध नाही. चूक माझी आहे."

एक वडील उठले. धट्टेकट्टे, नीटस बोलणारे. "म्हणजे चित्र याच्यावरूनच काढलंय."

"हो, पण..."

"आणि हा तर सगळ्यांना सांगत होता, की तुम्ही नाही म्हणालात."

"मी त्यांच्याशी खोटं बोलले," ताई म्हणाली.

"मग आज खरं बोलताय कशावरून?"

कुणीतरी हसलं. ताईने वही पुढे केली. "हे बघा ना. मी रस्त्यावरच्या सगळ्यांची चित्रं काढते. यांचीसुद्धा कितीतरी आहेत."

वही हातोहात फिरली. पानं उलटली गेली. एका बाईने मोजलं. "चौदा," ती म्हणाली. "एकाच माणसाची चौदा चित्रं. प्रत्येक चित्रात शाळेच्या फाटकाकडे बघतोय. तुम्ही इतके दिवस याच्यावर नजर ठेवून होतात, म्हणजे तुम्हालाही काहीतरी वाटलंच असणार ना? धूर निघतो म्हणजे कुठेतरी आग असणारच."

ताई "नाही, नाही" म्हणत राहिली. पण एवढ्या लोकांत तिचा आवाज पोचत नव्हता. एरवी तिला बोलायची सवयच नव्हती, तिचं सगळं बोलणं कागदावर. कुणीतरी वहीच्या पानांचे फोटो काढले. बैल गेला नि झोपा केला म्हणतात; इथे झोपा बांधायला गेलो आणि तोच कोसळला. मी दाराकडे पाहिलं. कानोसा लोकांकडे बघत नव्हता. तो ताईकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखादं कुलूप आतून कसं आहे हे कळल्यावर दिसायचा तसा दिसत होता. मग तो जिना उतरून गेला, एक पाय ओढत.

मुख्याध्यापिकाबाईंनी मला वाक्य सांगितलं. मी लिहिलं: ‘संबंधित चित्रकार यांनी सभेत मान्य केले की सदर चित्र याच इसमावरून काढण्यात आले आहे.’ शब्दन् शब्द खरा होता. त्याखाली ठराव, सूचक, अनुमोदक. दुसऱ्या दिवशी मी ते स्वच्छ टाइप करून तीन प्रती काढल्या.

ठरावाची गरज पडली नाही. शनिवारी पदपथावर स्टूल नव्हतं. कुठे गेला कुणाला माहीत नव्हतं आणि कुणी विचारलंही नाही. त्याच्यावर कसला आरोप नव्हता, तक्रार नव्हती, एकाही मुलाने त्याच्याबद्दल कधी काही सांगितलं नव्हतं. हे सगळं मी नंतर दोन-तीन जणींना म्हणून पाहिलं. "असेल हो," त्या म्हणाल्या, "पण आता बरं वाटतं ना?"

वहीचे फोटो फिरत फिरत पुरवणीपर्यंत पोचले. पुढच्या रविवारी आतल्या पानावर, हवामानाखाली, तीन ओळींचा खुलासा आला, की चित्र काल्पनिक होतं. त्या बाईने फोन केला नाही. कुणा दुसऱ्याच माणसाचा दोन ओळींचा मेल आला. तेलही गेलं, तूपही गेलं. ताईने वह्या बांधून माळ्यावर टाकल्या. पुढे तिला एका कारखान्याचं काम मिळालं, माहितीपुस्तकांचं: पंप कसा बसवावा, झडप कशी फिरवावी. अंक आणि बाण. कधीतरी झडप फिरवणारा हात लागतो, तेव्हा ती मला हाक मारत नाही. हातमोजा काढते, आतलं कुणी दिसत नाही असा.

दीड वर्ष झालं असेल. बाबांच्या शिवणयंत्राच्या खणाची चावी हरवली. खणात त्यांच्या मापांच्या वह्या होत्या. कुलूप काढून पिशवीत घातलं आणि चौकशी केली, तर कुणीतरी म्हणालं, मोठ्या इस्पितळापाशी, बसथांब्याजवळ एक चावीवाला असतो. गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. रविवारी दोघी गेलो.

थांब्याजवळ फळवाला होता, मोबाइलची कव्हरं विकणारा होता, आणि पुढे भिंतीला लागून एक माणूस आमच्याकडे पाठ करून ताठ उभा होता. दोन्ही पाय सारखे टेकलेले, दोन्ही हात पुढे बांधलेले, मान सरळ, कवायतीला उभा असावा तसा. ताई त्याच्या बाजूने सरळ पुढे निघून गेली. अर्ध्या गावाला पाठीवरून ओळखणारी माझी बहीण. मीही तिच्या मागे.

"ताई," मागून आवाज आला.

आम्ही वळलो. स्टूल तेच, पेटी तीच, एका कोपऱ्यात चेपलेली. कानोसा वाळला होता. ताई पेटीच्या चेपलेल्या कोपऱ्याकडे बघत राहिली. मीच काहीतरी बोलले, कसे आहात, बरं आहे ना.

"चाललंय," तो म्हणाला. "कुलूप आणलंय?"

मी कुलूप दिलं. त्याने ते कानाशी नेलं, पण डोकं कललं नाही. मान तशीच ताठ ठेवून कुलूपच वर उचलून धरलं, तार घातली, फिरवली. पुन्हा फिरवली. पूर्वी एका फेरीत व्हायचं. चावी चार वेळा घासावी लागली. मध्येच उजवा गुडघा थरथरताना मला दिसला. सगळा भार एका पायावर टाकायची सवय त्याने मोडली होती आणि उजवा पाय ते सोसत नव्हता.

"काका," ताई शेवटी म्हणाली, "मला माफ करा. मी त्या दिवशी..."

"विचारलं होतं ना मी तुम्हाला," तो म्हणाला. आवाज चढवला नाही, कानसही थांबवली नाही. "मला माझी पाठ माहीत नव्हती, म्हणून तर विचारायला आलो. तुम्हाला माहीत होती. तेव्हाच हो म्हणाला असतात, तर त्याच संध्याकाळपासून मी उभं राहणं बदललं असतं. सवय लागते. बघा, लागलीच ना."

त्याने चावी कुलपात घालून दाखवली. उघडलं. ताईने कुलूप हातात घेतलं आणि पैसे द्यायचेही विसरली. मी दिले, त्याने घेतले, मोजले, खिशात ठेवले. ताई थांब्याकडे चालू लागली. तिने मागे वळून पाहिलं नाही.

मी पाहिलं. आम्ही गेलो असं त्याला वाटलं असावं. त्याने भिंतीकडे तोंड केलं, भार डाव्या पायावर सोडला आणि डावा हात हळूच पाठीमागे नेला, कोपरापर्यंत. तेवढ्यात इस्पितळाच्या फाटकातून एक बाई लहान मुलीला घेऊन बाहेर आली. त्याने हात झटकन पुढे आणला आणि ताठ उभा राहिला. हे मी ताईला अजून सांगितलेलं नाही.